आधी मानधन, मग दान : नागपुरातल्या एका मदत-अल्बमचं प्रकरण

नागपुरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. खंजिरी भजनाची मंडळं आहेत, इंदोऱ्यातले भीमगीतांचे गायक आहेत, ताजबागच्या उर्सात रात्र जागवणारे कव्वाल आहेत, सदर भागात चर्चचे गायकवृंद आहेत, महालातल्या जुन्या वाड्यांत शास्त्रीय गाणं शिकवणारे गुरुजी आहेत. लग्नाची वरात ज्यांच्याशिवाय हलत नाही ती बँडपथकं आणि धुमाल पार्ट्याही आहेत. ही माणसं एका शहरात राहतात, पण एका माइकसमोर क्वचितच येतात. प्रत्येकाचा हंगाम वेगळा आणि ऐकणारेही वेगळे.

या सगळ्यांनी मिळून सिकलसेलग्रस्त मुलांसाठी आठ गाण्यांचा अल्बम केला. मी त्या कामाची संयोजक होते. सहभागी संस्था आणि कलाकार यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. तसं ठरलं होतं. काम कसं झालं, कुठे अडलं आणि अडलेलं कसं सुटलं, ते मात्र सविस्तर लिहिते. असे अल्बम काढायची इच्छा गावोगावी आहे, आणि अडचणी सगळीकडे जवळपास याच येणार आहेत.

पैसे नेमके कशासाठी हवे होते

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनमधल्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोष पुढे देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर पट्ट्यात, आदिवासी, बौद्ध आणि इतर मागासवर्गीय समाजांमध्ये या आजाराचं प्रमाण मोठं आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचं उद्दिष्ट २०४७ पर्यंतचं आहे.

सरकारी दवाखान्यात तपासणी होते, हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधंही मिळतात. पण गडचिरोलीहून नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि भामरागडकडच्या माणसाला त्याच्या जवळपास दुप्पट अंतर पडतं. लेकराला घेऊन यायचं म्हणजे दोघांचं तिकीट, दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी, रात्री टेकायला जागा आणि जेवण. कित्येक कुटुंबं या खर्चापायी पुढच्या तारखेला येतच नाहीत. आमच्यासोबतची संस्था नेमका हाच खर्च उचलते.

म्हणून पहिल्याच बैठकीत ठरलं की अल्बममधून आलेला पैसा फक्त प्रवास, मुक्काम आणि जेवण यांवर जाईल. यंत्रसामग्री नाही, पगार नाहीत, जाहिरात नाही. हे ठरवणं पुढे फार कामी आलं. ‘रुग्णांच्या मदतीसाठी’ असं मोघम म्हटलं की हिशेब दाखवता येत नाही. एसटीचं तिकीट दाखवता येतं.

‘चांगल्या कामासाठी पैसे कोण घेते?’

हे वाक्य धरमपेठेत झालेल्या पहिल्या मोठ्या बैठकीतलं. बोलणारे निवृत्त शिक्षक होते, हार्मोनियम उत्तम वाजवतात आणि त्यांचा हेतू निर्मळ होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळेच फुकट वाजवणार, स्टुडिओ सवलतीत मिळणार, खर्च जवळपास शून्य, आलेला प्रत्येक रुपया मुलांना. कागदावर यापेक्षा सुंदर काही नव्हतं.

बैठक संपल्यावर धुमाल पार्टीतला एक ढोलवाला जिन्यात थांबला होता. म्हणाला, “ताई, मी येतो, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी माझ्या जाग्यावर मालक दुसरा पोट्टा लावन. अन् एकदा का तो बसला, का मग तोच चालते.”

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. आम्ही समजत होतो की तो एका दिवसाची कमाई देतोय. प्रत्यक्षात त्याची पार्टीतली जागाच पणाला लागत होती. हार्मोनियमवाल्या गुरुजींना निवृत्तिवेतन आहे. चर्चच्या गायकवृंदातली बहुतेक मंडळी नोकरदार. महिला भजनी मंडळातल्या बाया दुपारी मोकळ्या. या सगळ्यांचं फुकट आणि ढोलवाल्याचं फुकट एकाच मापाचं नव्हतं, आणि ‘सगळे सारखेच देताहेत’ असं म्हणून आम्ही सर्वांत गरीब माणसाकडून सर्वांत मोठी देणगी घेणार होतो. तीही त्याला नाही म्हणायची सोय न ठेवता.

पुढच्या बैठका यावरच गेल्या. एक बाजू म्हणे, मानधन दिलं तर लोक बोलतील की मुलांच्या नावावर कलाकारांनी पैसे खाल्ले. ही भीती खोटी नव्हती. दुसरी बाजू म्हणे, फक्त गरजूंना द्या. पण गरजू कोण हे ठरवणार कोण? आणि ज्याला मिळालं त्याच्या कपाळावर ‘गरजू’ असं लिहिलं जाणार. वाजवणाऱ्याला स्वाभिमान असतो. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्याला तर तो रोज सांभाळावा लागतो.

शेवटी मान्य झालं ते असं. प्रत्येक कलाकाराला चार तासांच्या सत्राचे १,५०० रुपये, मग तो गुरुजी असो की शिकाऊ खंजिरीवाला. प्रवासखर्च वेगळा. रक्कम थेट बँक खात्यात किंवा यूपीआयने. ज्याला परत द्यायची असेल त्याने ती संस्थेला देणगी म्हणून द्यावी, रीतसर पावती घ्यावी. आणि कोणी परत दिली, कोणी नाही, ही यादी संस्थेच्या हिशेबनिसापलीकडे कुणीही पाहायची नाही. मी संयोजक असूनही ती यादी पाहिलेली नाही.

निर्मितीचा खर्च लोकांकडून येणाऱ्या देणगीतून करायचा नाही, हेही त्याच दिवशी पक्कं झालं. त्यासाठी काही ओळखीच्या देणगीदारांकडे वेगळी मागणी केली आणि स्पष्ट सांगितलं की तुमचा पैसा मानधन, स्टुडिओ, गाडी-भाडं आणि जेवण यांत जाणार आहे, मुलांपर्यंत थेट पोहोचणार नाही. दोघांनी हे ऐकून नकार दिला. बाकीच्यांनी समजून दिले. माझ्या मते हे सांगूनच मागायला हवं. अल्बमच्या वेष्टनावरही तसं छापलं, त्यामुळे ‘कलाकारांनी खाल्ले’ हा आरोप कुणाला करताच आला नाही.

गुरुजी सुरुवातीला दुखावले होते. “मी काय पैशासाठी आलो?” असं त्यांनी विचारलं. ढोलवाल्याचं म्हणणं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग तेच इतरांना समजावू लागले.

हक्कांचा कागद

गाणी निवडताना सगळे उत्साहात होते. खंजिरी भजन मंडळाला अर्थातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन हवं होतं. विदर्भात खंजिरी म्हटलं की महाराजच आठवतात. पण महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८चं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे त्यांच्या रचनांवर तो ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे.

मंडळाचे बुवा चकित झाले. “महाराजांच्या भजनाले परवानगी कायची ताई? ते तं समद्या गावाईचे हायेत!” त्यांचं खरंच होतं. देवळात, गुरुदेव मंडळाच्या प्रार्थनेत ती भजनं म्हणायला कोण अडवणार? प्रश्न ध्वनिमुद्रण करून विकण्याचा होता. परवानगी मागता आली असती, पण ती मिळेपर्यंत अल्बम थांबवणं परवडणारं नव्हतं. मग बुवांनीच तोड काढली. तुकोबांचा अभंग आणि मंडळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली खंजिरीची चाल. तुकोबा सतराव्या शतकातले, तिथे प्रश्नच नाही.

भीमगीतांचंही तेच. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत हक्क आहे. सुरेश भटांच्या गझलेचा मोह नागपूरकराला न व्हावा तर कुणाला? ते २००३ साली गेले, तिथे २०६३. जुन्या गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण करायची एक वाट कायद्यात आहे, कलम ३१-क म्हणून, पण तिच्यात किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या संस्थेच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही. त्यामुळे इंदोऱ्याच्या दोन गायकांनी स्वतःचं गीत लिहिलं, आणि गझल एका तरुण कवयित्रीने दिली. मला विचाराल तर अल्बमचा फायदाच झाला. नाहीतर सगळ्यांनी ऐकलेलं, पण जरा कमी चांगलं गायलेलं, असं काहीतरी निघालं असतं.

करारनामा एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरांत केला. एका वकिलाने तो पाहिला आणि तीन गोष्टी दाखवल्या. त्या इथे देते, कारण बहुतेक मदत-अल्बमांत त्या निसटतात.

हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्ट्रीमिंगवर गाणं टाकलं की ते दुबईतही वाजतं आणि टोरांटोतही. म्हणून ‘जगभर’ हा शब्द कागदावर हवाच. मुदत आम्ही जाणूनबुजून ५ वर्षंच ठेवली. संस्थेचं काम पाहून कलाकारांनी पुन्हा ठरवावं यासाठी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आमच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं, ‘मी या गाण्यावरील सर्व रॉयल्टी कायमची सोडून देत आहे.’ ऐकायला दानशूर. पण २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा असा सोडून देताच येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. कायद्याने हे संरक्षण कलाकाराला ठरवून दिलं आहे, आणि त्यामागे सिनेसंगीतात झालेल्या लुबाडणुकीचा मोठा इतिहास आहे. मग करारात असं लिहिलं की वाटा कलाकाराचाच, तो त्याच्या नावावर जमा होईल, आणि तो दर वर्षी आपल्या इच्छेने संस्थेला देणगी देईल किंवा देणार नाही. मानधनाला आम्ही जी रीत लावली, कायद्याने रॉयल्टीला तीच लावलेली निघाली.

श्रेयनामावलीचा वादही होता. कीबोर्डवाल्या मुलाने पारंपरिक चालींना सुंदर साज चढवला आणि ‘संगीत’ या शब्दापुढे स्वतःचं नाव अपेक्षिलं. गडचिरोलीहून आलेल्या बायांच्या गोंडी गाण्याबाबत हे कुणालाच पटेना. ते गाणं कुण्या एकाचं नाहीच. तो समाजाचा ठेवा. तिथे ‘पारंपरिक गोंडी गीत’, गाणाऱ्या बायांची नावं आणि मग ‘संगीत संयोजन’ म्हणून मुलाचं नाव, असा क्रम लावला. बाकी सगळ्या गाण्यांत नावं अकारविल्हे.

हंगाम आणि पाऊस

अल्बम १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनी काढायचा होता. पण कलाकारांचं पंचांग वेगळं असतं. एप्रिल पूर्ण भीमजयंतीचा, एप्रिल-मे लग्नांचा, भाद्रपदापासून गणपती आणि नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमी, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं, डिसेंबर चर्चचा. सगळे मोकळे असतात ते आषाढ-श्रावणात. म्हणून रेकॉर्डिंग एका पावसाळ्यात केलं आणि प्रकाशन पुढच्या जूनमध्ये.

पावसाने आपले त्रास दिलेच. चामड्याच्या पुड्या दमट हवेने सैलावतात, ढोलकीचा सूर उतरतो, डफ तर बोलेनासा होतो. डफवाल्यांसाठी मागच्या अंगणात शेगडी पेटती ठेवली. दोन टेकच्या मध्ये डफ शेकून आणायचे. समाजभवनाचं छप्पर टिनाचं, सर आली की काम थांबायचं.

समाजभवन का, तर खंजिरी मंडळ स्टुडिओत गाऊ शकेना. काचेआड बुवा, दुसऱ्या खोलीत झीलकरी, सगळ्यांच्या कानाला हेडफोन. बुवांची मान वळली की मंडळाला कळतं आता लय चढणार; काचेतून ते कळेना. रेकॉर्डिस्टने दोन टेक ऐकले आणि सामान आवरलं. नंदनवनातल्या एका समाजभवनात मंडळ नेहमीसारखं गोलात बसलं, मधोमध स्टीरिओ माइकची जोडी, बुवांना एक वेगळा माइक, हार्मोनियमला एक. सगळे आवाज सगळ्या माइकमध्ये मिसळतात, म्हणून नंतर एकट्या माणसाची चूक दुरुस्त करता येत नाही. चूक झाली की पूर्ण भजन पुन्हा. बुवांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ते आयुष्यभर असंच गात आले आहेत. अल्बममधलं सर्वांत जिवंत गाणं हेच आहे.

सगळ्यांचं एक गाणं

शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं. इथे खरा संगीताचा प्रश्न आला.

बुवा काळी एकला गातात, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, त्यांचा सा. महिला मंडळाचा षड्ज काळी चार. बायांना काळी एकला गायला लावलं तर खालचे स्वर ऐकूच येत नाहीत, वरच्या सप्तकात नेलं तर चिरकतात. बुवांना काळी चारला नेणं म्हणजे गळ्याशी वैर. कव्वालही बायांच्याच पट्टीत खुलणारे. मधली एखादी पट्टी काढून सगळ्यांना सारखं अडचणीत टाकायचं, असा प्रस्ताव होता. गुरुजींनी तो उडवला. ते म्हणाले, काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. बुवांचा जो प, तोच बायांचा सा. बुवांचा सा हा बायांचा म. षड्ज बदलू द्या, स्वर तेच राहतात.

त्यावर गाण्याची रचनाच बांधली. मुखडा आणि पहिला अंतरा बुवांच्या पट्टीत. दुसऱ्या अंतऱ्याला षड्ज पंचमावर सरकतो आणि बाया आत येतात, कव्वाल त्यांची ओळ उचलतो. चर्चच्या गायकवृंदाने काळी एक आणि काळी चार हे दोनच स्वर आकारात धरून ठेवले, जे दोन्ही पट्ट्यांत बसतात. ऐकणाऱ्याला सांधा लागत नाही, आणि कुणालाही गळा ताणावा लागला नाही. वीस मिनिटांत कागदावर उतरलेली ही युक्ती मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

सुरांची भाषाही एक करावी लागली. बँडमधल्या काकांचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं. त्यांच्या बोटाखालचा ‘सी’ ऐकू येतो काळी पाचसारखा. कीबोर्डवाला आणि काका एकाच स्वराला दोन नावांनी हाका मारत होते. मग सगळ्यांनी हार्मोनियमच्या पट्टीनेच बोलायचं ठरलं. मंडळाची हार्मोनियम ४४० हर्ट्झच्या प्रमाणापेक्षा जराशी चढी होती. तिच्या रीडा घासून सूर बदलण्यापेक्षा कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तिला जुळवलं, गिटारही तिच्यावरच लावली. ज्याला हलता येत नाही त्याच्याकडे बाकीच्यांनी जायचं, एवढाच नियम.

लयीबाबतही हेच झालं. क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारा यांत्रिक ठोका, कानात दिली की धुमालचे वादक नेमके वाजवायचे आणि धुमालपण नाहीसं व्हायचं. धुमाल चढत जाते, म्हणून तर पाय थांबत नाहीत. रेकॉर्डिस्टने क्रम उलटा केला. आधी धुमालचं वादन मोकळं मुद्रित केलं, मग प्रत्येक मात्रेवर खूण करून त्या चढत्या लयीचा नकाशा संगणकात तयार केला, आणि बाकी सगळे त्या नकाशावर गायले. वेळखाऊ काम आहे. पण ज्या वाद्यासाठी हा माणूस आपली जागा पणाला लावून आला, त्या वाद्याचा प्राण काढून घ्यायचा हे शोभणारं नव्हतं.

या गाण्याच्या शब्दांवर संस्थेतल्या एका आईने थांबवलं. कवीने लिहिलं होतं की कुंडली राहू द्या, आधी रक्त जुळवा. वाहकाशी वाहकाचं लग्न नको. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला बरोबर. ती म्हणाली, “माह्या पोरीले आधीच कोणी मागत नाही. आता गाणंच आलं तं पाहाच.” तिचं बोलणं ऐकून कवीने ओळी बदलल्या. आता गाणं लग्नाआधी दोघांनीही तपासणी करा एवढंच सांगतं, आणि आजारी लेकराचा दोष कुणावर टाकत नाही. ज्यांच्यासाठी गाणं, त्यांना ते रेकॉर्डिंगच्या आधी ऐकवलं पाहिजे. आम्ही ते तालमीतच ऐकवलं होतं म्हणून बदलता आलं.

पैशाची वाट

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली. त्यानंतर आलेल्या अल्बमने मोठा पैसा उभा केला. पण तो उपक्रम आधीपासून धर्मादाय म्हणून रीतसर नोंदवलेला नव्हता, आणि त्यापायी मोठी रक्कम अमेरिकेच्या कर विभागात वर्षानुवर्षं अडकली. जगातल्या सर्वांत नामवंत वादकांचं जर असं होतं, तर आपण कागद आधी करायला हवेत.

स्ट्रीमिंगवर गाणी पोहोचवणाऱ्या वितरकाकडे खातं उघडताना रेकॉर्डिस्टने स्वतःचं पॅन द्यायची तयारी दाखवली होती. पटकन झालं असतं. पण मग येणारा पैसा त्याचं उत्पन्न ठरला असता, कर त्याला, आणि संशयही त्याच्यावर. खातं संस्थेच्याच पॅनवर आणि संस्थेच्याच बँकेत उघडलं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असल्याने वर्गणी गोळा करायला अडचण नव्हती. नोंदणी नसलेल्या गटाला महाराष्ट्रात कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते, जी गणेश मंडळांना ठाऊकच असते.

खरेदी आणि देणगी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अल्बमचा पेन ड्राइव्ह विकत घेणाऱ्याला आयकर सवलतीची पावती मिळत नाही, कारण त्याने वस्तू घेतली. देणगीदाराला मिळते, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत. म्हणून प्रत्येक पेन ड्राइव्हच्या पाकिटावर किंमत वेगळी आणि संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड वेगळा छापला.

नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फार वेळ गेला. एकाच गायकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं तर स्ट्रीमिंगवर तीन गायक तयार होतात आणि नोंदी विखुरतात. प्रत्येकाकडून आधारवरचं नाव, मंचावरचं नाव आणि पसंतीचं स्पेलिंग लिहून घेतलं. प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख, मिळाला, तो करारावर टाचला. गाणी वितरकाकडे महिनाभर आधी पाठवली.

मिळकतीचं चित्र स्पष्ट आहे. स्ट्रीमिंगमधून फार थोडं येतं. हजार वेळा गाणं ऐकलं गेलं की तर्री-पोह्याच्या दोन-चार प्लेटांइतके पैसे. पेन ड्राइव्ह बरे खपले, मुख्यतः कलाकारांच्या आपापल्या कार्यक्रमांत. भजन मंडळ आणि कव्वाल यांनी ते हातोहात विकले. गझल ऐकणाऱ्यांनी मात्र फोनवरच ऐकणं पसंत केलं. सर्वांत जास्त पैसा क्यूआरवरून थेट आला, आणि तोही प्रकाशनाच्या कार्यक्रमात धुमाल आणि गायकवृंद एकत्र वाजले त्या संध्याकाळी. अल्बम निमित्त ठरला आणि लोक मंचासमोर जमल्यावर पैसे उभे राहिले. पुढच्या वेळी अर्थसंकल्प करताना हे धरूनच चालावं लागेल.

संस्था दर तिमाहीला कलाकारांच्या गटावर हिशेब टाकते : किती आले, किती कुटुंबांच्या तिकिटांवर गेले, शिल्लक किती. रुग्णांची नावं त्यात नसतात.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. धुमालच्या तुकड्याचं रिमिक्स करून ते वरातीत वाजवायला शहरातल्या इतर पार्ट्यांनी सुरुवात केली आहे. रिमिक्स करणं कायद्याने रोखता येईल, लग्नाच्या वरातीत वाजवणं नाही; ढोलवाल्याचं म्हणणं, वाजू द्या, त्याने आपलंच नाव होते. संस्थेला वाटतं निदान क्यूआर तरी त्यांच्या गाडीवर लावावा. यावर पुढच्या बैठकीत बोलणं होईल. दुसरी गोष्ट दुसऱ्या अल्बमची. बुवांनी महाराजांच्या भजनासाठी आत्तापासून २०२९चा जानेवारी मागून ठेवला आहे. बाकीच्यांना तेवढा धीर नाही. त्यांना येत्या पावसाळ्यातच बसायचं आहे, आणि निर्मितीचा निधी कुठून येणार हे ठरल्याशिवाय मी कुणालाही तारीख दिलेली नाही.